मातीतून उठणारी आशा : पुनरुत्थानाच्या श्रद्धेचा महाराष्ट्रातील इतिहास

(१) मित्रांनो, आज जरा लांबचा धागा आहे. सवडीने वाचा. 🧵

आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानाने येथे एक विलक्षण प्रयोग केला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड न कोंडता माळावर शेती करण्यासाठी मोकळे सोडले. ही कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधून आलेल्या ज्यू अभियंत्याची होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तिला पाठबळ दिले. १९५७ चा व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला.

(२) या प्रयोगाचा ख्रिस्ती धर्माशी थेट संबंध नाही. परंतु स्वतंत्रपूरवरून जाताना एक प्रश्न नेहमी मनात येतो. ज्याचे आयुष्य संपले असे सर्वांनी ठरवून टाकले आहे, तो माणूस पुन्हा उठू शकतो का?

जगातील एका मोठ्या धर्माचा संपूर्ण डोलारा याच प्रश्नाच्या एका उत्तरावर उभा आहे. त्या उत्तराचे नाव आहे पुनरुत्थान. आपल्या मराठी मुलखात या श्रद्धेने माणसांच्या रोजच्या जगण्यात नेमके काय केले, हे आज पाहू.

(३) आधी शब्द नीट समजून घेऊ, कारण येथे हमखास गल्लत होते.

पुनर्जन्म म्हणजे आत्म्याने जुना देह टाकून नव्या देहात जन्म घेणे. मोक्ष म्हणजे त्या फेऱ्यातूनच सुटका. आत्म्याचे अमरत्व म्हणजे देह नाहीसा झाला तरी आत्मा उरणे. पुनरुत्थान या तिघांपेक्षा वेगळे आहे. जो मेला तोच, त्याच्या देहासह, ईश्वराच्या सामर्थ्याने नव्या जीवनात उठवला जाणे, असा त्याचा अर्थ. येथे देह म्हणजे फेकून द्यायचे जुने वस्त्र नाही. देहालाही भविष्य आहे.

(४) ही कल्पना येशूच्या आधीची आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात सीरियाच्या ग्रीक राजवटीने ज्यू लोकांचा छळ मांडला. धर्म सोडला नाही म्हणून माणसे मारली गेली. जे न्यायाने वागले तेच मेले, मग न्याय कोठे आहे? या आक्रोशातून ‘मृत पुन्हा उठवले जातील’ हा विश्वास ज्यू समाजात बळावला. येशूच्या काळी परूशी पंथाला तो मान्य होता, सदूकी पंथाला नव्हता. सदूकी हे प्रामुख्याने मंदिराशी जोडलेले, सत्तेजवळचे लोक होते.

म्हणजे ही श्रद्धा सुखवस्तूंच्या निवांत चिंतनातून वर आलेली नाही. ती अन्याय सोसणाऱ्यांच्या दुःखातून वर आली.

(५) इ. स. ३० च्या सुमारास रोमन सत्तेने येशूला क्रूसावर मारले. तिसऱ्या दिवशी तो उठला, असे त्याचे अनुयायी सांगू लागले. याविषयीच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या लेखी पुराव्यांपैकी एक म्हणजे संत पौलाने करिंथ शहरातील मंडळीला लिहिलेले पत्र. ते साधारण इ. स. ५५ चे आहे. चार शुभवर्तमाने त्यानंतरची.

प्रत्यक्ष पुनरुत्थान सिद्ध करणे वा खोडणे इतिहासाच्या साधनांच्या आवाक्यातले नाही. परंतु ‘लोकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि त्या विश्वासाने ते असे असे वागले’ हे मात्र पूर्णपणे इतिहासाचे क्षेत्र आहे. हा धागा त्याच क्षेत्रात राहील.

(६) पौलाच्या त्या पत्रातील पंधरावा अध्याय पुनरुत्थानावर आहे. त्यात त्याने दाण्याची उपमा वापरली. पेरलेला दाणा मातीत मेल्यासारखा होतो आणि उगवतो तो वेगळ्या रूपात. माणदेशात शाळू पेरून आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या कोणालाही ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. येथे दाणा टाकणे हीच मुळात श्रद्धेची कृती असते.

(७) पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. इतक्या उंच तत्त्वचर्चेचा शेवट पौल कशाने करतो? ‘म्हणून आपापल्या कामात खंबीर राहा, तुमचे श्रम फुकट जाणार नाहीत’, अशा आशयाने. आणि पुढचा अध्याय लगेच सुरू होतो तो यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी वर्गणी कशी गोळा करावी, या व्यवहारी विषयाने!

मरणानंतरच्या आशेपासून आठवड्याच्या वर्गणीपर्यंत एका पानाचेही अंतर नाही. हा दुवा लक्षात ठेवा. पुढची सगळी माणसे याच दुव्यावर उभी आहेत.

(८) आता आपल्या भाषेत येऊ. पुनरुत्थानाची कथा मराठी ओवीत पहिल्यांदा विस्ताराने आली ती गोव्यात. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. त्याच्या दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आहे. ज्या छंदात ज्ञानेश्वरी कानांवर पडत होती, त्याच छंदात रिकाम्या कबरीची गोष्ट सांगितली गेली.

गोव्यातील धर्मांतरामागे पोर्तुगीज सत्तेचा बडगा होता, हेही त्याच काळाचे सत्य आहे. दोन्ही गोष्टी एकत्रच वाचायला हव्यात.

(९) घाटावर ही श्रद्धा आली ती एकोणिसाव्या शतकात, प्रामुख्याने अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर. अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र. साताऱ्यात १८४९ पासून काम सुरू झाले. कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर पोहोचले. पुढे सांगली आणि मिरज ही ठाणी झाली.

त्या वेळी आटपाडी औंध संस्थानात होती. विलीनीकरणानंतर ती दक्षिण सातारा जिल्ह्यात आली आणि १९६० पासून तो जिल्हा सांगली या नावाने ओळखला जातो.

(१०) काळ कसा होता? १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ, १८९६ पासून प्लेग, लगोलग १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ. त्यानंतर १९१८ चा इन्फ्लुएंझा. चाळीसएक वर्षांत एकाच पिढीने इतके मरण पाहिले की ‘आशा’ हा शब्द उच्चारणेही अवघड व्हावे. या पार्श्वभूमीवर तीन माणसांची आयुष्ये पाहू.

(११) पहिल्या पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मुलीला संस्कृत शिकवणारे विद्वान. १८७४ मध्ये उपासमारीत आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. भावाबरोबर रमाबाई देशभर पायी हिंडल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वी त्यांनी घरची इतकी माणसे गमावली होती. उरली ती तान्ही मनोरमा.

(१२) १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे धर्मप्रसाराच्या आरोपावरून पुण्यात मोठा वाद झाला आणि अनेक समर्थक दुरावले. दुष्काळातील अनाथांना आश्रय देताना धर्मही दिला जातो, हा आक्षेप त्या काळी अनेकांनी घेतला होता. तो गंभीर आहे, त्याला झटकून पुढे जाता येत नाही.

(१३) तरीही केडगावला घडले ते असे. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. नंतर गुजरातच्या दुष्काळातूनही आणल्या. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनात दीड हजारांहून अधिक जणी राहत होत्या. शेती, विणकाम, तेलघाणा, शाळा, छापखाना असे सगळे तेथे चाले. ज्यांना गावाने मेल्यात जमा केले होते, त्या खिळे जुळवून पुस्तके छापू लागल्या.

मरणाच्या दारातून उठलेला देह हा कामाला लागलेला देह असतो, ही पुनरुत्थानाची सर्वांत साधी व्याख्या मला केडगावात दिसते.

(१४) आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. खेड्यातील बाईलाही ते कळावे, हा हेतू. १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईच्या हयातीत, जिच्यावर पुढचा सगळा भार टाकायचा होता तीच मुलगी गेली.

रमाबाई भाषांतराचे काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांवर. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मुलीच्या मृत्यूनंतरही शब्दाला शब्द लावत बसणे, ही आशा कशी असते? ती उत्साहासारखी नसते. शिस्तीसारखी असते.

(१५) दुसरे नारायण वामन टिळक. जन्म १८६१, करजगाव. कवी, पंडित, कीर्तनाची आवड असलेले. १८९३ मध्ये रेल्वे प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी हलकल्लोळ झाला. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. त्या विरहाच्या काळाचा बराच भाग त्यांनी पंढरपुरात काढला.

(१६) टिळकांची धडपड एकच होती. ख्रिस्त मराठी वाटावा. त्यांनी अभंग, भजने, कीर्तने रचली. आज मराठी चर्चमध्ये टाळांच्या साथीने जी गीते गायली जातात, त्यांत टिळकांचा वाटा फार मोठा आहे.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ते साताऱ्याला आले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सगळे ख्रिस्तभक्त एकत्र बसतील असा ‘देवाचा दरबार’ त्यांनी मांडला. पगार नाही, संस्था नाही, वय पंचावन्नच्या पुढे. आपल्या सातारा-सांगली परिसराशी जोडलेले हे प्रकरण फारसे सांगितले जात नाही. दरबार फार वाढला नाही, कारण टिळकांना पुढे जेमतेम दोन वर्षेच मिळाली.

(१७) ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. ईस्टर होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. आणि येथे पुनरुत्थानाच्या इतिहासातील एक मार्मिक प्रश्न उभा राहतो.

शेकडो वर्षे ख्रिस्ती जगाने दफनाचा आग्रह धरला होता. देह उठवला जाणार असेल तर तो जाळायचा कसा, अशी लोकभावना होती. इंग्लंडमध्ये आधुनिक काळातील पहिले अधिकृत दहन १८८५ मध्ये वोकिंग येथे झाले, तेही मोठ्या वादानंतर. रोमन कॅथलिक चर्चने १८८६ मध्ये दहनावर बंदी घातली. ती १९६३ मध्ये शिथिल झाली.

(१८) टिळक प्रोटेस्टंट असल्याने ही बंदी त्यांना लागू नव्हती, पण रूढी दफनाचीच होती. त्यांच्या स्वतःच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन झाले आणि रक्षा अहमदनगरला नेण्यात आली.

याचा अर्थ काय लावायचा? मला दिसते ते असे. मातीतून उठवू शकणाऱ्या ईश्वराला राखेतून उठवणे अवघड कसे असेल, एवढा टिळकांचा विश्वास होता. आणि ज्या मातीत आपण जन्मलो तिच्या रीतीने जाण्यात या विश्वासाला बाध येत नाही, हेही त्यांना सांगायचे असावे. चितेच्या ज्वाळांतही त्यांची श्रद्धा मराठीच राहिली.

(१९) तिसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. माझ्या मते या धाग्याच्या खऱ्या नायिका.

सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारात वाढलेली ही बाई नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्याच्याकडे परतली, ती स्वतःचा धर्म घेऊनच. महाबळेश्वरला असताना, जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांना आतून पटले. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात राहुरीच्या घरी अनाथ मुलांचे जेवणखाण आणि आजारपण त्यांनीच काढले.

(२०) १९१९ मध्ये त्या विधवा झाल्या. वय पन्नाशीचे, औपचारिक शिक्षण नाही, पैसा नाही. त्या काळच्या उच्चवर्णीय विधवेपुढे कोणते आयुष्य असे, हे वेगळे सांगायला नको. सामाजिक अर्थाने तोही एक मृत्यूच.

लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी घेतली. नंतर मुलगा देवदत्त याच्याबरोबर कराचीला राहिल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू करून अर्धवट सोडले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि ६४ अध्याय रचले.

(२१) जरा थांबून विचार करा. ख्रिस्ताच्या जीवनाची ही मराठी गाथा एका पंडित कवीने सुरू केली, पण तिचा बहुतांश भाग लिहिला तो शाळेत न गेलेल्या त्याच्या विधवेने. पतीचे काम पत्नीच्या हातून उठून उभे राहिले.

आणि मग ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागांनी ते प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. आज मराठी आत्मचरित्राचा विषय त्यांना वगळून सुरूच होत नाही.

(२२) ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवली. एवढी दुःखे, पण पुस्तकभर हसू आहे. नवऱ्याच्या विसराळूपणावर हसणे, स्वतःच्या हट्टांवर हसणे, संकटाच्या ऐन मध्यावर हसणे. त्यांनी पुनरुत्थानावर प्रबंध लिहिला नाही. मरणाचा शेवटचा शब्द मान्य नसलेले माणूस घरात कसे वावरते, कसे रांधते, कोणाला ताटावर बसवते, हे त्यांनी दाखवले. रोजच्या जगण्यातील आशेचा यापेक्षा चांगला दस्तऐवज मला ठाऊक नाही.

(२३) आता परत आपल्या भागात. १८८९ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस हा कॅनडात जन्मलेला तरुण भारतात आला. १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे राहिले, १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. वॉनलेसवाडी हे नाव आजही तेथे आहे.

आमच्या घरांत ‘मिरजेला नेलं’ या दोन शब्दांना विशेष अर्थ आहे. दुखणे गंभीर आहे, हे त्यातून कळते. आणि अजून हात टेकलेले नाहीत, हेही त्यातूनच कळते. माझ्या आजीच्या तोंडी हे शब्द मी शेकडो वेळा ऐकले. तिला वॉनलेस कोण हे माहीत नव्हते. पण एका श्रद्धेने उभी केलेली आशा तिच्या बोलीत येऊन राहिली होती.

(२४) एक प्रामाणिक आक्षेप मांडतो. परलोकाची आशा माणसाला आजच्या अन्यायाबाबत गप्प बसवते, अशी टीका कायम होत आली आहे. ती निराधार नाही. ‘सहन करा, स्वर्गात मिळेल’ असे सांगणारे उपदेशक सर्व धर्मांत झाले.

पण रमाबाई, टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याबाबतीत ही टीका लागू पडत नाही, कारण त्यांची श्रद्धा देह सोडून पळणारी नव्हती. देहाला भविष्य आहे, तर उपाशी देहाला आज भाकरी हवी. आजारी देहाला औषध हवे. ज्या देहाचा स्पर्श समाजाला विटाळ वाटतो, त्याला मान हवा. पौलाच्या पत्रातला तो दुवा आठवा : पुनरुत्थान आणि पान उलटताच वर्गणी.

(२५) ईस्टर दर वर्षी वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढच्या रविवारी येतो. म्हणजे आपल्याकडे बहुधा चैत्राच्या आसपास. त्या दिवसांत आटपाडीचा माळ पार करपलेला असतो. मेंढ्या घेऊन धनगर बांधव दूर गेलेले असतात. विहिरींचे तळ दिसतात. युरोपात ईस्टर हिरवळीबरोबर येतो, आपल्याकडे तो उन्हाच्या तडाख्यात येतो. कोठेही काही उगवलेले नसताना ‘तो उठला आहे’ असे म्हणायचे, ही मला अधिक अवघड आणि म्हणून अधिक खरी आशा वाटते.

(२६) तुम्ही कोणत्याही धर्माचे असा वा नसा. इतिहास वाचणाऱ्याने या तीन माणसांकडून एवढे तरी घ्यावे. भूतकाळातील कोणतेही मरण दाखवताना त्यानंतर कोण उठून कामाला लागले, तेही शोधावे. दुष्काळाचे आकडे आपण पाठ करतो, दुष्काळानंतर खिळे जुळवणाऱ्या मुलींची नावे शोधत नाही. स्वतंत्रपूरच्या माळावर पहिला नांगर धरणाऱ्या कैद्याचेही तसेच.

(२७) ‘स्मृतिचित्रे’ अजून वाचले नसेल तर या सुट्टीत वाचा. केडगाव दौंडजवळ आहे, जाऊन या. आणि तुमच्या गावात जुने चर्च, मिशनची शाळा किंवा दफनभूमी असेल, तर तिच्या नोंदी आणि आठवणी ज्येष्ठांकडून लिहून घ्या. ही माणसे जात आहेत आणि त्यांच्याबरोबर आपला इतिहासही जात आहे.

तुमच्या गावात असे काही असल्यास खाली जरूर लिहा. पुढचा धागा त्यातूनच उभा राहील. 🙏